टोकाच्या पाळीचा वेळ

दोन हजार तेवीस साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं, माघ निम्मा सरला होता, आणि आमच्या घरात एक असं यंत्र शिरलं होतं की जे गुपचूप बसून कोण किती वेळ खातो ते मोजतं. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

मी लिहिणारा माणूस नव्हे. तिसरीपर्यंत शाळा, चौथीच्या परीक्षेला बसलोच नाही. पण माझी एक वही आहे, आणि त्या वहीला निमगाव सावाच्या शिवारात मान आहे. आमची चौघांची सामाईक पाइपलाइन. नदीवर मोटर, तिथून पाइप चढानं वर येतो, आणि प्रत्येकाच्या शेताच्या कोपऱ्यात त्याचं चेंबर, म्हणजे जमिनीत बांधलेली विटांची चौकोनी हौदी. तिच्यात त्याचा वॉल, पाणी सोडायचा-अडवायचा. ज्याची पाळी त्यानं आपला वॉल उघडायचा, बाकीच्या तिघांनी बंद ठेवायचा. बारा वर्षांपूर्वी पाइप पुरला तेव्हा पाळ्या लावायचं आणि वेळ लिहायचं काम चौघांनी मिळून माझ्याकडं दिलं. कारण एकच, माझं चावीचं घड्याळ. ते सासऱ्यानं लग्नात दिलेलं आहे आणि अजून मिनिटाला मिनिट चालतं.

टोकाचा पहिला, हा नियमही माझाच. ज्याचं शेत मोटरीपासून सगळ्यांत लांब, त्याला लाइट आली की पहिलं पाणी. हा माझा मोठेपणा होता. माझी पाळी मी दुसरी घेतली. टोकाच्या शेताचा मालक माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. त्याला आम्ही टोकाचाच म्हणतो, इथंही तेच म्हणतो.

तर त्या वर्षी माझी वही काय सांगत होती? माझ्या एकराला दोन तास. मोटर आणि माझं शेत यांच्या मधल्या दोघांना दोन, फार तर सव्वादोन. आणि टोकाच्याला त्याच्या एकरभर कांद्याला साडेतीन! एकदा नाही, दर पाळीला, आणि दरसाल थोडं थोडं वाढत इथवर आलेलं. मोटर सुरू झाली की मी घड्याळ बघायचो, त्यानं वॉल बंद केला की बघायचो. पाइप तोच, मोटर तीच, जमीनही सारखीच काळी. मग वरचा दीड तास जातो कुठं?

मला तर उत्तर माहीत होतं. त्याच्या बांधापलीकडं त्याच्या साडूचं शेत आहे. मी तीन पाळ्या त्याच्या बांधावर जाऊन बसलो. एकदा मक्यात उभा राहिलो, पाती कानाला लागून कान सोलून निघाला. सऱ्या मोजल्या. बांधाखालून कुठं पाणी पलीकडं जातंय का ते काठी खुपसून पाहिलं. काही सापडलं नाही. पण न सापडणं म्हणजे चोरी नसणं असं थोडंच आहे? चोर हुशार आहे, एवढाच त्याचा अर्थ मी लावला.

शेवटी मी मधल्या दोघांना सांगितलं की रविवारी सकाळी मोटरीपाशी बसायचं आणि टोकाच्याची पाळी तासाभरानं तोडायची. दोघांनी माना हलवल्या. माझ्या वहीपुढं कुणी बोलत नाही.

टोकाच्याला कळलं तसा तो गोठ्यात माझ्यापाशी आला. कांदा नुकता पोसायला लागला होता त्याचा. ज्यांनी कांदा केला नाही त्यांना सांगतो, या पंधरा-वीस दिवसांत पाणी कमी पडलं की कांदा फुगत नाही, लिंबाएवढी गोल्टी राहते आणि तिला बाजारात कुणी हात लावत नाही.

"भाऊ," तो म्हणाला, "आत्ता एक तास तोडलास तर माझं समदं वरीस गेलं. त्यापरीस नांगर घाल त्याच्यावर."

"तू वेळ कुठं घालवतो ते सांग, न्हाई तोडत."

"मला ठाव असतं तर मीच न्हाई का आवरलं? पाणी येतंच बारीक."

"माझ्या वॉलला जाड येतं अन् तुज्याच वॉलला बारीक येतं व्हय? तुझा वॉल काय लाजतो?"

त्यानं पाठ फिरवली. गेला. मला वाटलं, बोलायला तोंडच नाही.

आता यंत्राचं सांगतो. आमचा मुलगा चाकणला कंपनीत असतो, आठवड्यानं येतो. सून मंचरकडची, कंप्युटरचं शिकलेली. ती घरूनच एका कंपनीचं काम करते. समोरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसते आणि कानात ते खुंट घालून बोलत राहते. त्या आठवड्यात मी उंबऱ्याबाहेर दोरी वळत बसलो होतो आणि तिचं बोलणं कानावर आलं.

"ते आत गुपचूप बसतं," ती फोनवर कुणाला तरी सांगत होती. "थोड्या थोड्या वेळानं डोकावतं आणि टिपून ठेवतं. मग कोण वेळ खातंय ते बरोबर सापडतं."

दोरी तिथंच राहिली. घरात कोण वेळ खातं? म्हातारा माणूस. दुसरं कोण? मला आधीपासून संशय होता की मुलानं मला मोबाईल घेऊन दिला तो काही मायेपोटी नाही. मी मोबाईल उपरण्यात गुंडाळला आणि गोठ्यात कोनाड्यात नेऊन ठेवला, वर जळणाच्या शेणी लावल्या.

संध्याकाळी बायकोनं शेणी काढायला हात घातला आणि मोबाईल हातात आला.

"ह्याला काय उबवायला बसवलंय का?" ती म्हणाली.

मी तिला खरं कारण सांगितलं. ती आणे गावच्या कोरड्या पठारावरची, हसायची तिला फारशी सवय नाही, पण तेव्हा हसली. "तुमच्यावर कशाला कोण नजर ठेवील? दिवसभर तुमीच तर समद्या गावावर ठेवून असता."

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर सून लॅपटॉप घेऊन पडवीत आली. मी खाटेवर होतो.

"आबा, तासभर मोकळे आहात का?"

"कशाला?"

"एक वाचून दाखवायचंय."

"सही करायची असंल तर आधीच सांग. मी करणार न्हाई."

"सही नाही आबा. फक्त ऐकायचं. आणि जिथं तुम्हाला समजणार नाही तिथं मला थांबवायचं."

मग तिनं सगळं उलगडून सांगितलं, आणि मी ते तीनदा विचारून घेतलं. कंप्युटरमध्ये प्रोग्राम असतो, म्हणजे कामांची लांबलचक यादी. एक काम दुसऱ्याला हाक मारतं, दुसरं तिसऱ्याला. कधी कधी सगळा प्रोग्राम रेंगाळतो आणि कुणामुळं ते कळत नाही. तर ते शोधायचं एक साधन असतं, त्याला प्रोफायलर म्हणतात. ते माणसांना मोजत नाही, कामांना मोजतं. सूनबाई ते साधन बनवत नाही. त्याच्याबरोबर जे माहितीचं पुस्तक देतात, साधन कसं वाचायचं ते सांगणारं, ते ती लिहिते. आणि ते पुस्तक लोकांना कळेना झालं होतं. लोक साधनानं दिलेला तक्ता बघायचे, भलत्याच कामाला दोषी धरायचे, त्याचीच मोडतोड करायचे, आणि प्रोग्राम होता तसाच रेंगाळायचा. मग कंपनीकडं तक्रारी.

"म्हणून साहेब म्हणाले, जो या धंद्यातला नाही अशा माणसाला वाचून दाखव. तो अडेल तिथं पुस्तक चुकलंय असं समज."

"म्हंजी तुला अडाणी माणूस पायजे."

"अडाणी नको आबा. शंकेखोर पाहिजे. मी साहेबांना म्हटलं, आमच्या घरात आहे एक."

मी उठून बसलो. हे बोलणं मला लागायला पाहिजे होतं, पण नाही लागलं.

पुस्तक इंग्रजीत होतं. ती एक ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची. पहिली ओळ अशी होती की हे साधन ठराविक वेळानं चालू प्रोग्रामकडं बघतं आणि त्या क्षणी कोणतं काम चाललंय ते नोंदवतं.

"थांब," मी म्हणालो. "सारखं बघत न्हाई?"

"नाही. डोकावतं."

"मग दोन डोकावण्यांच्या मधी कुणी हात मारला तर?"

"ते सुटू शकतं. पण सेकंदात शेकडो वेळा डोकावलं की एकंदर अंदाज बरोबर येतो."

"हे सुटतं म्हून लिव्हलंय का पुस्तकात?"

तिनं पानं वरखाली केली. लिहिलेलं नव्हतं. तिनं तिथं पिवळी खूण केली. मी भिंतीला पाठ टेकली.

"अन् हे डोकावतं तवा काम करणाराला कळतं का?"

"कळत नाही, पण डोकावण्यामुळं काम किंचित हळू होतं."

"हे मातर खोटं. मी बांधावर जाऊन हुबा राहिलो की बायांचे हात उलट झपाझप चालत्यात."

बायको आत भांडी घासत होती. तिथून म्हणाली, "झपाझप कसले! तुमी गेला की तुमचं बोलणं ऐकत बसावं लागतं त्यांना. त्या दिवशी निंदणी निम्मीच व्हती."

सून मान खाली घालून टाइप करत राहिली. ते वाक्यसुद्धा तिनं लिहून घेतलं की काय, देव जाणे.

मग तिनं तो तक्ता दाखवला, ज्याच्यावरून सगळी रड होती. डाव्या बाजूला कामांची नावं, उजव्या बाजूला वेळ. सगळ्यांत वरच्या नावापुढं सगळ्यांत मोठा आकडा.

"सापडला की चोर," मी म्हणालो. "वरचाच. एवढा वेळ खातोय तर धरा त्याला अन् तोडा."

"लोक हेच करतात आबा! हेच!" ती एवढ्या जोरात म्हणाली की मी दचकलो. "पण हा वरचा स्वतः काहीच करत नाही. हा खालच्याला हाक मारतो आणि त्याचं होईपर्यंत नुसता थांबून राहतो. खरा वेळ कुठं तरी तळाशी जातोय."

"थांबलेला वेळ कुणाच्या नावावर?"

"याच्याच."

"मग ही लबाडी झाली. वेळ घालवला दुसऱ्यानं अन् नाव ह्याचं?"

"लबाडी नाही. दोन वेगळे आकडे असतात. एक एकूण वेळ, त्यात खालच्या सगळ्यांचा धरलेला. दुसरा त्याचा स्वतःचा. पहिला आकडा बघून कुणाला दोषी धरायचं नसतं. दुसरा बघायचा."

"हे लिव्हलंय कुठं?"

"चाळिसाव्या पानावर."

"चाळिसाव्या पानावर कोण जातंय, पोरी? मानूस पयला आकडा बघतो अन् काठी घिऊन निघतो. तुझ्या साहेबाला सांग, हे पयल्या पानावर पायजे. तक्त्याच्या वर. मोठ्या अक्षरात."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "आबा, मला हे सांगायला एक साधं उदाहरण पाहिजे. कुणालाही समजेल असं. तुम्ही सांगा."

मला असं उदाहरण कुणी आजवर मागितलं नव्हतं. मी घसा खाकरला, उपरणं नीट घेतलं.

"लिव्ह. समज, एक पाइपलाइन हाय. चौघांची. लाइट आली, मोटर सुरू झाली. टोकाच्याची पाळी लागली. घड्याळ चालू. पर पाइप तर रिकामा, कारन मोटर बंद झाली की समदं पाणी उतारानं माघारी नदीत जातं. आता हा एवढा लांब पाइप भरंस्तवर टोकाच्याच्या सरीत थेंब येत न्हाई. तो नुसता खोरं धरून हुबा. मागनं दुसरा वॉल उघडतो त्याला पाइप भरलेलाच मिळतो. तर मंग तो पाइप भरायचा वेळ..."

इथं मी थांबलो.

तिची बोटं थोडा वेळ चालत राहिली, मग तीही थांबली. "झकास आहे आबा. तो वेळ काय?"

मी उपरणं खांद्यावरून काढून पुन्हा घेतलं.

"तुमच्या वहीत तो कुणाच्या नावावर लिहिता तुम्ही?"

माझ्या डोक्यात लख्खकन् प्रकाश पडला. पण तो वेगळाच. मला वाटलं, असं आहे तर! हे सगळं पुस्तक, हा तक्ता, हा शंकेखोर माणसाचा मान, सगळा डाव आहे. रविवारची बैठक मोडायचा.

"तुला वहीचं कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. रोज जेवताना."

"टोकाच्याच्या मालकिणीनं पढवलंय तुला. संक्रांतीला वाण घिऊन आलती तवा दोघी लई वेळ कुजबुजत बसला व्हता."

तिनं लॅपटॉप मिटला. रागानं नाही, हळूच मिटला, ते जास्त लागतं. "आबा, त्या काकू मला लोकरीचं तोरण शिकवत होत्या. दारावर लावलंय ते. तुमच्या पाळ्यांतलं मला काही समजत नाही. मी टोकाला कधी गेलेसुद्धा नाही."

तोरण दारावर होतं खरं. मी उठलो आणि बाहेर गेलो.

गव्हाणीवर बसून मी वही उघडली. पाइप भरायला किती लागतात ते मला तोंडपाठ होतं, पाऊण तास. बारा वर्षं मला ते तोंडपाठ होतं आणि बारा वर्षं मी ते टोकाच्याच्या नावावर लिहीत होतो, कारण मोटर सुरू झाली की पाळी सुरू, हा नियम. कुणाचा? माझाच. मग मी वजाबाकी केली. साडेतीनातून पाऊण गेला, पावणेतीन उरले. माझे दोन. म्हणजे अजूनही पाऊण तास जास्तच!

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. पाऊण तासाचा असला तरी चोर तो चोरच.

मी पडवीत परत आलो. सून खिडकीपाशी बसून काम करत होती.

"तुझा पाइप भरायचा वेळ वजा केला," मी बाहेरूनच म्हणालो. "तरी गडी चोरच निघतो."

तिनं कानातले खुंट काढले. वाटलं होतं बोलणार नाही. पण म्हणाली, "किती उरतो?"

"पाऊण तास."

"मग अजून काहीतरी त्याच्या नावाखाली चाललं असेल. आमच्यात असंच करतात आबा. वरच्या नावावर थांबायचं नाही. त्याच्या खाली कोण, त्याच्या खाली कोण, असं उतरत जायचं. ज्याचा स्वतःचा वेळ सापडतो तिथं थांबायचं."

"पाइपात कुठं उतरू मी?"

"ते मला नाही सांगता येणार. पाइपावर कोण कोण आहे ते तुम्हालाच माहीत."

पाइपावर कोण कोण आहे? मोटरीपासून निघालं की पहिलं चेंबर मधल्या एकाचं, मग दुसऱ्याचं, मग माझं, आणि माझ्या पुढं टोकाचा. मी तिन्ही पाळ्या त्याच्या बांधावर बसलो होतो. मोटरीवर बसलो होतो. त्या दोघांच्या वॉलवर हात ठेवून आलो होतो, कोरडे ठाक होते. एवढं सगळं बघून झालं होतं, आता बघायचं ठिकाण उरलं नव्हतं. असं मला वाटत होतं.

संध्याकाळी बायकोनं अळूवड्या केल्या. आमच्याकडं त्या बाराही महिने होतात. माझ्या चेंबरच्या कडेला अळूचं बन आहे आणि त्याच्या खाली उताराला गवताचा वाफा, म्हशीला पुरून उरतो. येणारा प्रत्येक पाहुणा मी तिथं नेऊन उभा करतो.

बायको ताटात वडी घालत म्हणाली, "आमच्या पठारावर दिवाळीनंतर हिरवं पान दिसत न्हाई. अन् हितं माघात पान बघा, सुपाएवढं. पाणी न घालता."

यावर मी काय म्हणायचं ते बारा वर्षं ठरलेलं आहे. मी म्हणायचं, आमच्या जमिनीतच ओल हाय. आणि तिनं म्हणायचं, व्हय, तुमची जमीन बी तुमच्यावानीच. त्या दिवशी माझं वाक्य तोंडापर्यंत आलं आणि पुढं गेलं नाही. वडी हातात तशीच राहिली.

"तिखट झाली का?" बायकोनं विचारलं.

"न्हाई."

"मग?"

"काय न्हाई म्हनलं ना."

सून माझ्याकडं बघत नव्हती. ती मुद्दाम बघत नाही असं मला वाटलं, आणि ताट अर्धं टाकून मी उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाना घेतला, वही घेतली, आणि मोटरीकडं न जाता माझ्या चेंबरवर गेलो. त्या आठवड्यात लाइट आठला यायची. साडेसातलाच मी अळवाच्या पानांत उकिडवा बसलो. पायाखाली चिखल नव्हता, पण माती थंड होती. बारा वर्षांत टोकाच्याच्या पाळीला मी जगात सगळीकडं बसलो असेन, फक्त इथं बसलो नव्हतो. इथं काय बघायचं होतं? हा तर माझा वॉल.

आठला नदीवरून मोटरीचा आवाज आला. मी घड्याळ बघितलं. बराच वेळ काही नाही. मग पाइपातून हवा फुरफुरत गेली आणि पाठोपाठ जमिनीखाली पाणी आल्याचं तळपायाला कळलं. मी चेंबरवरची फरशी सरकवली.

वॉल बंद होता. माझ्याच हातानं घट्ट आवळलेला. आणि त्याच्या बुडातून मनगटाएवढी धार येत होती. ती समोरच्या विटांवर आपटत होती, तिथं घुशीनं पोखरलेलं भोक होतं, त्या भोकातून ती आत जात होती, अळवाच्या मुळाखालून, उताराला गवताच्या वाफ्याकडं. वर एक थेंब दिसत नव्हता.

मी फरशी परत सरकवली.

हे लिहायचं नव्हतं, पण लिहितो. फरशी लावून मी तिच्यावर बसलो आणि हिशोबी डोक्यानं विचार केला. सगळे मोटरीकडं जातील. सगळे गेले की दुपारी वॉलचं रबर बदलायचं, भोकात सिमेंट भरायचं, कुणाला कळायचं कारण नाही. आणि आत्ता मोटरीपाशी जाऊन म्हणायचं, जाऊ द्या, भाऊबंद आहे, यंदा पाळी नाही तोडत. वर माझाच मोठेपणा. मधले दोघे मान हलवतील. टोकाचा हात जोडेल. अगदी जोडेल, त्याला कांदा वाचवायचा होता.

तेवढ्यात तोच बांधावरून येताना दिसला. पाळी लावून, मुलाला सरीवर उभा करून मोटरीकडं निघाला होता, खांद्यावर खोरं. मला अळवात बसलेला बघून थांबला.

"काय भाऊ, आज माझ्या बांधावर न्हाई? तब्येत बरी हाय ना?"

मी बुडाखालची फरशी चाचपली.

"का अळवातनं बी दिसतो मी?"

दुसरा कुठला दिवस असता तर मी त्याला तिथंच आडवा घेतला असता. मी फरशीवरून उठलो.

"हिकडं ये," मी म्हणालो.

"मोटरीपाशी बसायचंय ना? ते दोघं आले असत्याल."

"त्यांनाबी हिकडंच बोलव. मोटरीपाशी न्हाई, हितं बसायचं."

मी फरशी पूर्ण काढून बाजूला टाकली. तो वाकला. पुष्कळ वेळ वाकलेलाच राहिला. मला वाटलं आता खोरं माझ्या डोक्यात घालतो. मग तो सरळ झाला, अळवाकडं बघितलं, खालच्या गवताकडं बघितलं.

"म्हंजी ही म्हस," तो म्हणाला, "मी पोसतोय व्हय?"

"कांदाबी तूच पोस आता. पाणी तुला जाड यील."

मधले दोघे आले. त्यांनीही वाकून पाहिलं आणि एकमेकांकडं पाहून माना हलवल्या. त्यांना तेवढंच येतं. मी वही काढली. पाळी पाइप भरल्यावर धरायची, मोटर सुरू झाल्यावर नाही, असं सगळ्यांना वाचून दाखवलं आणि लिहिलं. मग टोकाच्याला म्हणालो, "वॉल खोलायचा तर मोटर बंद करावी लागंल. पाइप परत रिकामा व्हईल. तुझ्या पाळीतला वेळ जाईल."

"कुणाच्या नावावर?" त्यानं विचारलं.

"माझ्या."

"लिव्ह मग."

तो बघत उभा राहिला, आणि मी लिहीपर्यंत हलला नाही. मधल्यातला एक जण मोटर बंद करायला गेला. धार बारीक झाली, मग थांबली. मी चेंबरमध्ये उतरलो आणि नटाला पाना लावला. बारा वर्षांचा गंज, नट हलेना. टोकाचा समोरून उतरला आणि त्यानं पान्याचं दुसरं टोक धरलं.

"उलटा फिरवतोस भाऊ," तो म्हणाला.

मला कळलं होतं. तरी मी आणखी थोडा वेळ उलटाच जोर लावला.